गंजकी बंदूक सापडली म्हणून ती लगेच रझाकाराची होत नाही

पोस्ट जरा लांबलीय. चहा घेऊन बसा अन् वाचा.

मागच्या पावसाळ्यात जिंतूरच्या डोंगराकडच्या एका पोरानं मला फोटो पाठवला. शेळ्या चारायला गेले होते, नाल्याची दरड ढासळली होती, तिथं मुळ्यांत अडकलेली लोखंडी नळी दिसली. ओढून काढली तर बंदूक. लाकूड पार कुजून गेलेलं. गंज इतका की हात लावला तर पापुद्रे निघत होते. पोरानं खाली लिहिलं होतं, "दादा, ही कोणत्या काळातली? कुणाला सांगू का नको?"

त्यानं मला पाठवायच्या आधी फोटो गावच्या ग्रुपवर टाकला होता. तिथल्या स्क्रीनशॉटवर काय काय उत्तरं होती बघा. एक म्हणतो शिवकालीन आहे. दुसरा म्हणतो नाही, रझाकाराची आहे, अमक्या वस्तीतल्या लोकांनी पुरून ठेवली असेल. तिसरा भंगाराचा भाव विचारतोय. चौथ्यानं तर "शस्त्रसाठा सापडला" असं लिहून पुढं ढकललं सुद्धा. एक गंजकी नळी, अन् अर्ध्या तासात साठा झाला तिचा!

त्या पोराचे प्रश्न दोनच होते, पण मला वाटतं ते आपल्या अख्ख्या जिल्ह्याचे आहेत. वस्तू ओळखायची कशी, आणि सांगायचं कुणाला. दोन्हीची धड सोय आपण केलेली नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी ओळखण्याचं.

जुनी बंदूक ओळखताना पहिला प्रश्न "कोणत्या राजाची" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, दारू कुठून भरायची आणि पेटवायची कशी. नळीचं मागचं तोंड कायमचं बंद असेल आणि पुढूनच दारू, चिंध्या, गोळी किंवा छर्रे गजानं ठासायचे असतील, तर ती ठासणीची. मागून उघडून काडतूस घालायची सोय असेल तर ती पुढच्या काळातली. एवढं नुसतं बघितलं तरी निम्मा वाद मिटतो.

ठासणीच्या बंदुकीतही फरक आहेत. सगळ्यात जुनी तोड्याची. सुतळीसारखा तोडा पेटवून ठेवायचा, चाप ओढला की जळतं टोक बाजूच्या छोट्या पेल्यातल्या दारूवर टेकायचं. शिवकाळात चालायच्या त्या प्रामुख्यानं ह्या. मग चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा, तो पोलादावर आपटून ठिणगी. आणि मग टोपीची. त्यात घोड्याच्या खाली बोंडासारखी छोटी पोकळ नळी असते, तिच्यावर तांब्याची बारकी टोपी बसवायची, घोडा आदळला की टोपी फुटून आग आत जाते. इंग्रजी फौजेत ही टोपीची पद्धत १८४० च्या आसपास रुळली. म्हणजे असं बोंड दिसलं की ती बंदूक शिवकालीन असूच शकत नाही. मग ग्रुपवर कुणी कितीही भावनेनं लिहू द्या.

त्या पोराच्या फोटोत घोडा गंजून चिकटलेला होता आणि त्याच्या खाली ते बोंड स्पष्ट दिसत होतं. नळी साधारण साडेतीन फूट. मागं बोल्ट नाही, काडतुसाची जागा नाही. म्हणजे टोपीची ठासणीची बंदूक. एवढं फोटोवरून सांगता येतं, आणि मी त्याला एवढंच सांगितलं. कोणत्या सालची, हे फोटोवरून सांगता येत नाही. कारण अशा बंदुका गावोगावचे कारागीर नंतरही शंभर वर्षं घडवत होते आणि दुरुस्त करत होते. ती १८६० ची असेल नाहीतर १९४० ची. दिसायला बहिणी-बहिणी.

इथं एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. ठासणीची बंदूक म्हणजे फक्त इतिहासाची वस्तू नाही, ती शेतीचंही अवजार होती. १९५९ च्या आपल्या शस्त्र कायद्यात परवाना द्यायच्या कलमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. रानडुक्कर, हरणं, रोही यांचा त्रास काय असतो हे परभणीच्या शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही. आखाड्यावर रात्रभर जागून नुसता बार काढायचा, गोळी न घालता, की जनावर पळायचं. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर शिकारीचा बाजार उठला. ज्यांच्याकडं परवाना होता त्यांच्या पुढच्या पिढीनं तो नावावर करून घेतलाच असं नाही. मग घरात बिनपरवान्याची बंदूक ठेवायची भीती. आजोबा गेले, बंदूक राहिली. अशा वेळी माणूस काय करतो? विहिरीत टाकतो नाहीतर रानात पुरतो. रानात सापडणाऱ्या बऱ्याच गंजक्या नळ्यांचं मूळ एवढं साधं असणार असं माझं मत आहे. पण साधं मूळ कुणाला आवडत नाही राव. सगळ्यांना तलवार फिरवणारा सेनापती पाहिजे.

याचा अर्थ आपल्या भागात सापडलेल्या बंदुकीला इतिहास नसतो असं मी म्हणत नाही. उलट आपल्यासारखा भाग शोधून सापडणार नाही. इथं बंदुका येण्याची कारणं एकावर एक थर लागल्यासारखी आहेत.

हिंगोलीचंच घ्या. १ मे १९९९ पर्यंत ती आपल्याच जिल्ह्यात होती. तिथं इंग्रजी अंमलाखालच्या निजामाच्या फौजेची, म्हणजे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १८१९ ला नोवसाजी नाईकांनी हटकरांना घेऊन या फौजेशी झुंज दिली ती ह्याच पट्ट्यात. १८७८ साली इंग्रजांनी शस्त्रबंदीचा कायदा केला तो ब्रिटिश मुलखाला, आपण होतो निजामाच्या राज्यात. देशमुखांच्या गढ्या, जहागीरदारांचे शिपाई, अरब अन् रोहिले, सगळ्यांकडं हत्यारं होती.

मग १९४७-४८. रझाकारांची संख्या दोन लाखांपर्यंत होती असं सांगतात, पण त्यातल्या साधारण चौथाई लोकांकडंच नवी हत्यारं होती. बाकीच्यांकडं ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांतून हैदराबाद संस्थानात चोरून शस्त्रं आणत होता. (पुढं इंग्लंडच्या कोर्टानं त्याला त्याबद्दल दंड केला, २०० पौंड. फक्त!) दुसऱ्या बाजूला आपले लोक. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं सरहद्दीवर कॅम्प उभे केले. पैनगंगेपलीकडं उमरखेडचा कॅम्प होता. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली गेली, ज्या दिवशी तिकडं दिल्लीत गांधीजींचा खून झाला. कंधारकडं कल्हाळीच्या गढीत अप्पासाहेब नाईक आणि त्यांचे साथीदार लढले. वसमतच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते हुतात्मा बहिर्जी शिंदे ह्याच लढ्यातले. या लोकांकडं कारखान्यातून आलेल्या करकरीत रायफली कुठल्या? मिळेल ते हत्यार. ते पण बहुतेक ठासणीचंच.

आता सांगा, रानात एक ठासणीची बंदूक सापडली. ती रझाकाराची की त्याच्याशी लढणाऱ्याची? की दोघांशी संबंध नसलेल्या एखाद्या राखणदाराची? बंदुकीकडं बघून हे कळत नाही. कळूच शकत नाही. लोखंड कुठल्या पद्धतीचं ते सांगतं, कुणाच्या खांद्यावर होतं ते सांगत नाही.

आणखी एक गट आहे, ज्याचं नाव आपण १७ सप्टेंबरच्या भाषणांत घेत नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात काय झालं याची चौकशी करायला दिल्लीनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. त्या समितीचा अंदाज होता की पोलीस ॲक्शननंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. बहुतेक मुसलमान, आणि त्यांत रझाकारांशी काही घेणंदेणं नसलेली कितीतरी. त्या दिवसांत ज्याच्या घरात जुनी बंदूक असेल, मग ती आज्याची शिकारीची का असेना, तो माणूस ती घरात ठेवेल का? पुरून टाकेल. भीतीनं पुरलेली बंदूक आणि पाप लपवायला पुरलेली बंदूक जमिनीत सारखीच गंजते. म्हणून म्हणतो, "अमक्या वस्तीतल्यांनी पुरली असेल" असं ग्रुपवर टाकणाऱ्याला काय म्हणावं? अरे, तू पंच्याहत्तर वर्षांपूर्वीची फिर्याद आज कुणाविरुद्ध लिहितोयस?

रझाकारांचे अत्याचार झाले नाहीत असं मी म्हणतोय, असा अर्थ कुणी काढू नका. झाले. आपल्या घराघरात त्याच्या आठवणी आहेत. त्या आठवणी खऱ्या आहेत म्हणूनच त्यांच्या नावावर कुठलीही नळी खपवू नका, एवढंच म्हणणं.

मग नक्की ओळख कशावरून पटते? खुणांवरून. कारखान्यातली बंदूक असेल तर तिच्यावर शिक्के असतात. इंग्रजी मुकुट, कारखान्याचं नाव, साल, नंबर. थ्री-नॉट-थ्री रायफल असेल तर दस्त्याच्या गळ्याशी जो लोखंडी भाग असतो त्याच्या उजव्या बाजूला हे कोरलेलं असतं. बंगालातल्या ईशापूर कारखान्यात बनलेल्या रायफलीवर इंग्रजी काळात मुकुटाखाली बादशहाची अक्षरं असायची. प्रजासत्ताक झाल्यावर तिथं अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे एका छोट्या शिक्क्यावरून ती १९४८ च्या आधीची की नंतरची हे कळू शकतं. सिंह असले तर रझाकार, निजाम, मुक्तिसंग्राम सगळा विषयच संपला. मग ती पोलिसांची नाहीतर चोरीची, आणि तपास वेगळाच.

पण शिक्क्यावरही आंधळा भरवसा नको. इंग्रजी बंदुकीची नक्कल करताना देशी कारागीर शिक्क्याचीही नक्कल करायचे. अक्षरं वेडीवाकडी, एखादं उलटंच. इंग्रजी न येणाऱ्या माणसानं चित्र म्हणून काढलेली. अशी नक्कल हीसुद्धा आपल्या कारागिरीचीच खूण आहे, तिची लाज वाटायचं कारण नाही.

आता आपल्याकडची खास गोम. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत आणि साल फसली. समजा नळीवर उर्दू आकड्यांत १३२० कोरलंय. आपला एखादा उत्साही भाऊ म्हणेल, "बापरे, तेराशे वीस! यादवांच्या काळातली!" त्या काळात दख्खनमध्ये अशी बंदूकच नव्हती. ते फसली साल असेल तर त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९१० येतं. हिजरी असेल तर १९०२-०३. एकच आकडा, तीन अर्थ. फसली की हिजरी हे ठरवायला शेजारचा मजकूर वाचावा लागतो. आणि तो वाचणारी माणसं आपल्या गावांत अजून आहेत. मशिदीतले मौलवीसाहेब आहेत, उर्दू शाळेचे रिटायर मास्तर आहेत, जुने सातबारे अन् खासरे वाचून देणारी म्हातारी माणसं आहेत. त्यांच्यावर संशय घेण्यापेक्षा त्यांना बोलवा. तुमच्या बंदुकीचं साल तेच सांगू शकतील.

खूण शोधायची तर ती शिल्लक पाहिजे ना! आपल्याकडं काहीही सापडलं की पहिलं काम म्हणजे रॉकेल टाकून तारेच्या ब्रशनं घासणं. पोरं ग्राइंडर लावतात, रील बनवतात, "आधी आणि नंतर". झालं काम. गंजाच्या थरात जी पुसट अक्षरं धरून असतात ती गंजासोबत निघून जातात. चकाचक नळी उरते आणि ती कुणाची, कधीची, हे जगातला कुठलाच माणूस मग सांगू शकत नाही. लिंबू लावू नका, ॲसिड लावू नका, तेल पाजू नका. माती लागलेली असेल तर माती राहू द्या.

आणि हे फक्त इतिहासासाठी नाही, जिवासाठी पण आहे. ठासणीची बंदूक भरून ठेवायची सवय लोकांना होती, कारण रात्री डुक्कर आल्यावर ठासत बसायला वेळ नसतो. ती भरलेली आहे की रिकामी हे बाहेरून दिसत नाही. बंदुकीची काळी दारू ओली असली की पेटत नाही, पण वाळली की पुन्हा पेटू शकते. तिला वय नाही. अशी नळी वेल्डिंगच्या दुकानात नेऊन कापायला लावणारा माणूस दुकानदाराच्या जिवाशी खेळतोय. भंगारवाल्याच्या गॅस कटरखाली ती गेली तर काय होईल, विचार करा. चाप ओढून बघू नका, घोडा उचलून बघू नका, नळीच्या तोंडासमोर उभं राहून आत टॉर्च मारू नका. बंदुकीशेजारी गोळे, हातबॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता लांब व्हा आणि ११२ ला फोन करा.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र उचलण्यातच होतं. वस्तू कुठं सापडली, किती खोल, कशात गुंडाळलेली, शेजारी काय होतं, हे बंदुकीएवढंच मोलाचं असतं. कापडात, चरबी चोपडून, डब्यात घालून नीट पुरलेली असेल तर पुरणाऱ्याला ती परत काढायची होती. नुसती फेकलेली असेल तर त्याला सुटका हवी होती. एकच आहे की दहा आहेत? जवळ जुनी वाट आहे, विहीर आहे, पडकी गढी आहे? उचलायच्या आधी चार फोटो काढा, बाजूला मापाला पट्टी नाहीतर बिस्किटाचा पुडा ठेवा, मोबाईलवर जागेचं लोकेशन सेव्ह करा. ह्याला कुठली डिग्री लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. सांगायचं कुणाला?

पोराला मी म्हणालो, पोलीस पाटलाला सांग. त्याचं उत्तर होतं, "दादा, नस्ती भानगड. उद्या माझ्यावरच आर्म ॲक्ट लावतील." बोलणं खोटं म्हणता येत नाही. शस्त्र कायद्याखाली बिनपरवाना बंदूक बाळगणं गुन्हा आहे आणि शिक्षा कडक आहे. ह्याच कायद्याचं ४५ वं कलम म्हणतं की जुन्या, कालबाह्य पद्धतीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्त करूनही चालणार नाही, त्याला हा कायदा लागत नाही. पण ते दुरुस्त होणार नाही हे ठरवायचं कुणी? सापडणाऱ्यानं नाही. म्हणून घरात ठेवून "ही तर गंजकी आहे साहेब" असं म्हणण्यात अर्थ नाही. सांगावंच लागतं.

दुसरा कायदा त्याहून जुना, १८७८ चा निखात निधीचा. जमिनीत लपवलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये! आज ज्यात कटिंग चहा येतो तेवढी ती मर्यादा. तिसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. त्यात वस्तू साधारणपणे शंभर वर्षं जुनी पाहिजे. आता हिशोब करा. समजा १९४७ ला एखाद्या लोहारानं आपल्या पोरांसाठी बंदूक घडवली आणि ती मुक्तिसंग्रामात वापरली गेली. ती कायद्यानं पुरावस्तू कधी होईल? २०४७ ला. तोपर्यंत ती पोलिसांच्या लेखी मुद्देमाल आणि भंगारवाल्याच्या लेखी किलोवर लोखंड. पण त्याच लढ्यात कुणी आपल्या आज्याची १८८० ची बंदूक वापरली असेल तर ती आजच पुरावस्तू आहे. लढा तोच, पण कायदा बंदुकीचं वय बघतो, तिनं काय केलं ते बघत नाही. म्हणून वर एवढं खुणांचं पुराण लावलं.

पोलिसांकडं गेलेल्या बंदुकीचं पुढं काय होतं? पंचनामा होतो, मालखान्यात जाते, गरज पडली तर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते. प्रयोगशाळा सांगते ते गोळी सुटू शकते की नाही. तिचं काम तेवढंच आहे आणि ते बरोबरच आहे. नंतर कोर्टाच्या हुकमानं निकाली काढली जाते, आणि बेवारस जुन्या हत्याराच्या बाबतीत निकाली म्हणजे बहुतेक वेळा नष्ट. ह्या सगळ्या प्रवासात "ही इतिहासाची वस्तू आहे का" असं विचारणारा एकही टेबल नाही. मी पोलिसांना दोष देत नाहीये. त्यांच्याकडं आलेलं हत्यार हे हत्यारच असतं. दोष मधल्या रिकाम्या खुर्चीचा आहे.

मोठ्या शहरात बघा. २०१८ ला मुंबईत राजभवनाच्या आवारात पडून असलेल्या दोन तोफा निघाल्या, एकेक सुमारे २२ टनाची. क्रेन आल्या, रंगरंगोटी झाली, दर्शनी भागात मांडल्या, पेपरांत फोटो आले. त्याच वर्षी नागपूरला कस्तुरचंद पार्कात खोदताना चार तोफा निघाल्या, तिथंही जाणकार धावले. चांगलंच झालं. पण शेळ्या राखणाऱ्या पोराला सापडलेली नळी ही राजभवनातली तोफ नसते. तिला क्रेन लागत नाही, एक कागद लागतो.

तो कागद काय, ते सांगतो. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी मिळून एक परिपत्रक काढावं. जमिनीत, रानात, विहिरीत जुनं हत्यार सापडलं आणि माणसानं स्वतःहून पोलीस पाटलाला किंवा तलाठ्याला कळवलं, तर त्याची नोंद आरोपी म्हणून नाही, सापडणारा म्हणून व्हावी. त्याला पोच मिळावी, सही-शिक्क्यासहित. खुणांचे फोटो काढून ते राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडं पाठवावेत आणि त्यांचं लेखी मत आल्याशिवाय हत्यार नष्ट करण्याचा प्रस्ताव कोर्टापुढं जाऊ नये. ह्यात नवा कायदा लागत नाही, बजेट लागत नाही. पोलीस पाटील १९६७ च्या कायद्यानं गावोगाव आहेतच, त्यांच्या महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटं हा विषय घ्या.

आणि जी हत्यारं इतिहासाची ठरतील त्यांना परभणीतच एक खोली द्या. छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईला पाठवून तिथल्या गोदामात नंबर लावून ठेवण्यात आपल्याला काय? धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. रामलिंगप्पा लामतुरे नावाचा एक व्यापारी, पांढरीत पावसानंतर उघडी पडणारी खेळणी, मणी, नाणी वर्षानुवर्षं गोळा करत राहिला. त्याच्या त्या संग्रहातून आज सरकारी संग्रहालय उभं आहे आणि तेरचं नाव रोमशी व्यापार करणारं गाव म्हणून जगात घेतलं जातं. एका माणसाच्या पिशवीतून हे झालं. आपल्याकडं कृषी विद्यापीठ आहे, कॉलेजं आहेत, इतिहासाचे प्राध्यापक आहेत. अन् आपण एक खोली देऊ शकत नाही?

दरवर्षी १७ सप्टेंबरला राजगोपालाचारी उद्यानात झेंडावंदन होतं. भाषणं होतात, "रोमहर्षक लढा" हा शब्द किमान चार वेळा येतो. पण शाळेतलं एखादं पोर विचारेल की सर, त्या लढ्यातली एक तरी वस्तू दाखवा, तर आपण काय दाखवणार? लढलेली माणसं आता जवळजवळ सगळी गेली. त्यांना विचारायचं ते आपण विचारलं नाही. उरलंय ते पत्र्याच्या पेटीतले कागद, गढीच्या भिंतीतले गोळीचे खड्डे आणि रानातलं गंजकं लोखंड. त्यातलं लोखंड आपण किलोवर विकतोय आणि कागद रद्दीत.

काही जण म्हणतील, बंदुकांचं कसलं कौतुक? ती काय पुजायची वस्तू आहे? मान्य. मला पण ती हार घालून, कुंकू लावून चौकात ठेवलेली नकोच आहे. तिच्यापुढं पाटी पाहिजे साधी. कुठं सापडली, कधी सापडली, कशी चालायची, किती जुनी, आणि कुणाची होती ते माहीत नसेल तर "माहीत नाही" असं स्पष्ट लिहिलेलं. असं लिहिलेली पाटी मी आपल्या भागात अजून पाहिलेली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अशी सूट दिली तर गावठी कट्टे बाळगणारे पण म्हणतील, "साहेब, रानात सापडला." म्हणू देत. गेल्या वर्षीचा कट्टा आणि ऐंशी वर्षं मातीत असलेली नळी यांतला फरक कुठलाही हवालदार ओळखतो. आणि मी चौकशी करू नका म्हणत नाहीये. स्वतःहून येणाऱ्याला पहिल्या दिवशी आरोपीच्या बाकावर बसवू नका, एवढंच म्हणतोय. नाहीतर तो येणारच नाही. विहीर जवळ असते, ठाणं लांब असतं.

१७ सप्टेंबरच्या आधी वरच्या मागण्यांचं निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं आम्ही काही जणांनी ठरवलंय. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड, सोनपेठ, पालम, पूर्णा, प्रत्येक तालुक्यातनं किमान दोन सह्या हव्यात. इतिहास शिकवणारे, वकील, पोलीस पाटील आले तर फारच बरं. मसुदा खाली कमेंटमध्ये टाकतो, चुका दाखवा. आणि कुणाच्या घरात आजोबांच्या परवान्याचे जुने उर्दू कागद असतील, तर ते लॅमिनेट करू नका. आहे तसा फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. सापडलेल्या हत्याराचा फोटो मात्र मला पाठवू नका, गावच्या ग्रुपवर तर नकोच नको. आधी पोलीस पाटील.